आधी सही, मग पोस्ट

(पत्र थोडक्यात देत आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

“ताई, मी ३२ वर्षांची, वकिली करते. सनद मिळाल्यावर तीन वर्षं एका फार मोठ्या सिनियरकडे ज्युनिअर होते. काम शिकायला मिळालं, हे नाकारत नाही. पण दुसऱ्या वर्षापासून साहेब संध्याकाळी स्टेनोला घरी पाठवायचे आणि ड्राफ्ट तपासायच्या नावाखाली मला एकटीला थांबवून घ्यायचे. कपड्यांवर बोलायचे, लग्न का करत नाहीस विचारायचे, रात्री उशिरा मेसेज करायचे. मार्च २०२२ मध्ये एकदा चेंबरचं दार लावून कमरेत हात घालून मला जवळ ओढलं. मी फाइल तिथंच टाकून निघाले. त्या रात्री फक्त रूममेटला सांगितलं. त्यानंतरही आठ महिने मी तिथंच काम केलं. सोडताना त्यांच्या पाया पडले. अजूनही दर दिवाळीला शुभेच्छा पाठवते. आता त्यांचं नाव हायकोर्ट जजसाठी गेलंय अशी चर्चा आहे आणि मला झोप लागत नाही. नावासकट सगळं लिहून पोस्ट तयार ठेवली आहे. नवरा म्हणतो, टाक, मी आहे. आई म्हणते, मिटव आता. बार रूममधल्या एका सिनियर मॅडमना चाचपून पाहिलं तर त्या म्हणाल्या, ‘अगं, सगळ्यांना माहीत आहे.’ मी अनिता हिलबद्दल वाचलं. तिनं केलं तर मी का नाही, असं वाटतं. पण तिचा तो बॉस शेवटी न्यायाधीश झालाच ना? मग उपयोग काय?”

ती पोस्ट आज टाकू नकोस. गप्प बस असं मी सांगत नाहीये. तू बोलावंस, नाव घेऊन बोलावंस आणि लवकर बोलावंस, असंच माझं मत आहे. फक्त पहिल्यांदा तिथं बोल, जिथं ऐकणाऱ्याला तुझ्या कागदावर आवक क्रमांक टाकावा लागतो.

बदनामीचा कायदा तुला माहीत आहे, पण स्वतःची केस असली की शिकलेलं आठवत नाही, म्हणून लिहिते. भारतीय न्याय संहितेचं कलम ३५६, म्हणजे आपल्या जुन्या दंड विधानातलं ४९९-५००. गुन्हा अजूनही फौजदारी आहे, शिक्षा दोन वर्षांपर्यंत. तिथं ‘मी खरं बोलले’ एवढं पुरत नाही. ते खरं होतं आणि लोकहितासाठी होतं, हे दाखवायची जबाबदारी बोलणाऱ्यावर येते. पण त्याच कलमात एक अपवाद आहे. ज्याला त्या माणसाबाबत कायदेशीर अधिकार आहे, त्याच्याकडे सद्भावनेनं केलेला आरोप बदनामी ठरत नाही. म्हणजे तेच शब्द, तीच तारीख, तेच नाव; वर पत्ता बार कौन्सिलचा किंवा मुख्य न्यायमूर्तींचा असला की कायदा तुझ्या बाजूनं उभा राहतो. पोस्टला हे कवच नाही. आणि तुझ्या साहेबांना खटला भरायला वकील शोधावा लागणार नाही, फी द्यावी लागणार नाही. वकीलपत्रावर सही करायला ज्युनिअर रांगेत उभे असतील. तू मात्र तारखेमागून तारीख आरोपी म्हणून हजर राहशील, त्याच इमारतीत जिथं तुझे अशील तुला बघतात.

पत्रकार प्रिया रमाणींचा निकाल तुझ्या डोक्यात असणार. ऑक्टोबर २०१८ मध्ये त्यांनी लैंगिक छळाच्या आरोपात एम. जे. अकबर यांचं नाव घेतलं, घटना १९९३ मधली. अकबर यांनी आरोप नाकारले, पण केंद्रीय राज्यमंत्रिपद सोडलं आणि बदनामीचा खटला भरला. १७ फेब्रुवारी २०२१ ला दिल्लीच्या न्यायालयानं रमाणींना निर्दोष सोडलं. स्त्रीला आपली तक्रार हव्या त्या व्यासपीठावर आणि दशकांनंतरही मांडायचा हक्क आहे, असं त्यात म्हटलं. तो निकाल वाचताना मला भरून आलं होतं. पण तो दंडाधिकाऱ्यांचा निकाल आहे, दुसऱ्या कोर्टाला तो बांधून ठेवत नाही, आणि अकबर त्याविरुद्ध हायकोर्टात गेले. तिथवर पोचेपर्यंत रमाणी दोन वर्षांहून जास्त काळ आरोपी होत्या. तू हे सोसू शकशील की नाही हे मला ठरवता येणार नाही. सोसायचंच असेल तर हातात भक्कम कागद घेऊन सोस.

आता अनिता हिल. तू म्हणतेस तिनं केलं. तिनं नेमकं काय आणि कोणत्या क्रमानं केलं ते बघ, कारण सगळ्यांना आठवतं ते टीव्हीवरचं दृश्य, आणि ती गोष्टीची सुरुवात नव्हती. १९८० ला येल लॉ स्कूलमधून बाहेर पडलेली ही मुलगी ओक्लाहोमातल्या शेतकरी घरातली, १३ भावंडांत धाकटी. १९८१ मध्ये ती क्लॅरेन्स थॉमस यांच्या हाताखाली शिक्षण खात्यात काम करू लागली. १९८२ मध्ये थॉमस समान रोजगार संधी आयोगाचे अध्यक्ष झाले आणि तीही त्यांच्याबरोबर तिकडे गेली. १९८३ मध्ये नोकरी सोडून ती शिकवायला लागली. पुढं १९९१ मध्ये थॉमस यांचं नाव अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयासाठी पुढं आलं, सिनेटच्या न्यायविषयक समितीच्या लोकांनी तिच्याशी संपर्क साधला, आणि थॉमस यांनी हाताखाली असताना आपला लैंगिक छळ केला, असं लेखी निवेदन तिनं २३ सप्टेंबरला दिलं. ते गोपनीय राहावं अशी तिची इच्छा होती. ते फुटलं, पत्रकारांच्या हाती गेलं, आणि ११ ऑक्टोबरला तिला १४ गोऱ्या पुरुष सिनेटरांसमोर, सगळा देश बघत असताना, बसावं लागलं. तिनं आधी सही केली होती. जाहीर झालं ते नंतर आणि तिच्या मनाविरुद्ध. पण जेव्हा झालं तेव्हा तिच्यापाशी एक लेखी निवेदन होतं, ज्यात आदल्या दिवशीच्या रागानं काही भर पडलेली नव्हती.

आता तुझ्या पत्रातल्या त्या वाक्यांकडे येते जी तू भरभर लिहून पुढं गेलीस. आठ महिने. पाया पडणं. दिवाळीच्या शुभेच्छा.

तुला वाटतंय की याच गोष्टींमुळे तुझ्यावर कोणी विश्वास ठेवणार नाही. तक्रारीत त्या येऊच नयेत असं वाटणं साहजिक आहे. मी काही वर्षं अशा तक्रारी ऐकणाऱ्या समितीवर बाहेरची सदस्य म्हणून बसले आहे आणि तिथं एक गोष्ट वारंवार बघितली. बाई येते, घटना नीट सांगते, तारखा देते. मग समोरचा पुरुष आपल्या फाइलमधून एक प्रिंटआउट काढतो. घटनेनंतर महिन्याभरानं तिनं पाठवलेला मेसेज, ‘थँक यू सर, तुमच्यामुळे खूप शिकायला मिळालं’, शेवटी हात जोडलेला इमोजी. तो कागद टेबलावर सरकवला जातो आणि खोलीतली हवा बदलते. बाई गप्प होते. त्या मेसेजमध्ये खोटं काही नसतं, तिला खरोखर शिकायला मिळालेलं असतं. समितीला खटकतं ते एवढंच की हे तिनं आधी का सांगितलं नाही. आणि मग बाकीचं काय काय सांगितलं नसेल, असा किडा प्रत्येकाच्या डोक्यात वळवळायला लागतो.

म्हणून तो कागद त्यांच्या हाताआधी तुझ्या हातून टेबलावर येऊ दे. तक्रारीच्या पहिल्या पानावरच लिही: या घटनेनंतर मी आठ महिने त्यांच्याकडे काम केलं. का, तेही लिही. दुसरं चेंबर मिळत नव्हतं? भाडं तिथल्या स्टायपेंडमधून जात होतं? त्यांनी एक फोन केला तर त्या जिल्ह्यात कोणी मला ब्रीफ देणार नाही अशी भीती होती? एखादं मॅटर अर्ध्यावर होतं आणि ते सोडवत नव्हतं? खरं कारण लिही, शोभणारं नको. सोडताना पाया पडले, हेही लिही. आपल्याकडे ज्युनिअर चेंबर सोडताना सिनियरच्या पाया पडते. तसं न करता निघाली असतीस तर ‘का?’ हा प्रश्न त्या संध्याकाळी सबंध चेंबरनं विचारला असता आणि त्याचं उत्तर देण्याची ताकद तेव्हा तुझ्यात नव्हती. दिवाळीचे मेसेज सगळ्यांना एकदम फॉरवर्ड केलेले होते की वेगळे, तेही सांगून टाक. सगळे मेसेज तारखेसकट जोडपत्रात लाव, तुला नकोसे वाटणारे आधी. उलटतपासात जे तुझ्यावर फेकलं जाणार आहे, ते तूच सरतपासात सांगितलंस की त्यातली अर्धी धार जाते. हे तू रोज अशिलांना शिकवत असशील.

हिलला हेच विचारलं गेलं. त्रास होत होता तर दुसऱ्या कार्यालयात त्यांच्यामागं का गेलात? नोकरी सोडल्यावर त्यांच्या ऑफिसात फोन का केलेत? त्या फोनच्या नोंदी काढून ठेवलेल्या होत्या. तिनं शांतपणे सांगितलं की बदलीच्या वेळी ते वागणं थांबलेलं होतं, ज्या खात्यात ती होती ते बंद करण्याच्या गोष्टी सरकार करत होतं, आणि वकिलीत वरिष्ठाशी संबंध तोडून पुढं जाता येत नाही. एका सिनेटरनं तर ती झिडकारलेली बाई आहे का, हुतात्मा व्हायची हौस आहे का, असंही विचारलं. तेव्हाच्या जनमत चाचण्यांत जास्त लोकांनी थॉमस यांच्यावर विश्वास ठेवला. वर्षभरानं कल फिरला. तिनं दिलेली माहिती तीच होती. ऐकणाऱ्यांना ती समजायला वेळ लागला. थॉमस यांनी तेव्हाही सगळं नाकारलं आणि आजही नाकारतात, हेही नोंदवते.

तिला तारून नेलं असेल तर चार माणसांनी. त्यांनी शपथेवर सांगितलं की हिलनं हे आम्हाला पूर्वीच सांगितलं होतं, थॉमस यांचं नाव सर्वोच्च न्यायालयासाठी येण्याच्या कितीतरी आधी. रमाणींच्या खटल्यातही त्या रात्री ज्या मैत्रिणीला त्यांनी सांगितलं होतं, तिची साक्ष झाली. तुझी रूममेट ती साक्षीदार आहे. तिला फोन कर, आणि फोनवर तुझी आठवण तिला सांगत बसू नकोस. ‘त्या रात्री मी घरी आले तेव्हा काय झालं होतं, तुला जे आठवतं ते लिहून, सही करून, तारीख टाकून पाठव,’ एवढंच म्हण. तिला तुझ्या ड्रेसचा रंग आठवेल आणि महिना चुकीचा आठवेल, तरी चालेल. तू तिला दुरुस्त करू नकोस. दोघींचं शब्दाशब्दाला जुळलं तर ते बनवलेलं दिसतं.

त्या वर्षाची कोर्टाची डायरी शोध. बहुतेक वकील ती टाकत नाहीत. त्या मार्चच्या पानावर कुठली मॅटर होती, पुढची तारीख काय पडली, हे तुझ्याच अक्षरात असेल. कोपऱ्यात तू काही लिहिलं असशील तर उत्तमच. नसलं तरी तो दिवस कुठला, तू त्या दिवशी कुठल्या कोर्टात होतीस आणि संध्याकाळी कुठल्या ड्राफ्टवर काम चाललं होतं हे त्यावरून पक्कं होईल. आता मागाहून त्यात एक अक्षरही घालू नकोस. जुना फोन विकला नसशील तर बंद करून कपाटात ठेव. नुसत्या स्क्रीनशॉटवर भागणार नाही. साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागेल आणि मूळ उपकरण हाताशी असलेलं बरं.

आणि त्या मॅडम. ‘सगळ्यांना माहीत आहे’ हे वाक्य मला तुझ्या पत्रातलं सर्वांत जड वाक्य वाटलं. आपल्याकडे असं म्हणणारी माणसं दयाळूपणे म्हणतात. तू एकटी नाहीस, असं त्यांना सुचवायचं असतं. पण सगळ्यांना माहीत असणं आणि कोणीही न लिहिणं यावरच हे साहेब इतकी वर्षं चालले आहेत. पुन्हा त्या मॅडमकडे जा. त्यांना विचार, सगळे म्हणजे कोण? तुमच्यापर्यंत कोणाकडून आलं? तुमच्या वेळी झालं होतं? त्या नाव सांगणार नाहीत कदाचित. पण ‘मॅडम, त्यांच्यापैकी कोणाला बोलायचं असेल तर माझा नंबर द्या’ एवढं सांगून ये. तुझ्यानंतर त्या चेंबरला लागलेल्या मुलींना तू स्वतः फोन करू नकोस. नोकरी धोक्यात असलेल्या मुलीवर दडपण आणल्यासारखं होतं आणि पुढं ‘हिनं मुली जमवल्या’ असा आरोपही होतो. हिलच्या बाबतीत आणखी एक बाई साक्ष द्यायला वॉशिंग्टनला येऊन थांबली होती. तिला समितीनं जाहीर साक्षीला बोलावलंच नाही. ती बोलली असती तर निकाल वेगळा लागला असता असं मी म्हणत नाही. पण अशा प्रकरणात दुसरा आवाज किती जड असतो हे बोलावणाऱ्यांना ठाऊक होतं, असं मला मनापासून वाटतं.

कायद्याची दारं आता पटापट सांगते, कारण त्यातली काही बंद झाली आहेत. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याखाली समितीकडे जायची मुदत शेवटच्या घटनेपासून तीन महिने, कारण दिलं तर आणखी तीन. ती कधीच गेली. शिवाय चेंबरमधली ज्युनिअर ही त्या कायद्यातली ‘कर्मचारी’ का, यावर वाद घातला गेला असता, आणि जुलै २०२५ मध्ये मुंबई हायकोर्टानं बार कौन्सिल ही वकिलांची मालक नाही, त्यामुळे वकिलानं वकिलाविरुद्ध केलेल्या तक्रारीला तो कायदा लागत नाही, असं म्हटलं. मला हे पटलेलं नाही. सुप्रीम कोर्टानं २०१२ मध्येच, मेधा कोतवाल लेले यांच्या प्रकरणात, बार कौन्सिल आणि बार असोसिएशननी विशाखा निकालातली, कामाच्या ठिकाणचा लैंगिक छळ रोखण्याची तत्त्वं पाळावीत असा आदेश दिला होता, आणि ज्या पेशानं १९९७ मध्ये देशाला विशाखा दिलं त्यानं स्वतःच्या ज्युनिअर मुलींना कुठं जायचं हे धड सांगू नये, याचा मला राग येतो. पण त्याच निकालात हायकोर्टानं ॲडव्होकेट्स ॲक्टच्या कलम ३५ कडे बोट दाखवलं आहे. ते दार तुला उघडं आहे. व्यावसायिक किंवा इतर गैरवर्तन, राज्य बार कौन्सिल, शिस्तपालन समिती. त्या कलमात मुदत घातलेली नाही. ताकीद देण्यापासून सनद काढण्यापर्यंत शिक्षा आहे.

पोलिसांचं दार तुला वाटतं तितकं बंद नाही. घटना २०२२ ची, म्हणून भारतीय दंड विधान. ३५४-अ, म्हणजे लैंगिक छळ, याला तीन वर्षांची मुदत होती, ती उलटली, विलंब माफीचा अर्ज करावा लागेल. पण दार लावून कमरेत हात घालून ओढणं हे ३५४ मध्ये, म्हणजे विनयभंगात, बसतं, शिक्षा पाच वर्षांपर्यंत आहे, आणि तीन वर्षांच्या वर शिक्षा असलेल्या गुन्ह्याला दखल घेण्याची मुदत नाही. तू ते दार वाजवावंसच असं मी म्हणणार नाही. साधी एफआयआर द्यायला गेल्यावर काय होतं हे मी तुला सांगायची गरज नाही. फक्त ‘आता उशीर झाला’ हे उत्तर कोणी दिलं तर ते अर्धवट आहे, एवढं लक्षात ठेव.

घाई खरी आहे ती वेगळ्या कारणानं. साहेब एकदा जज झाले की बार कौन्सिलचा त्यांच्यावर हात चालणार नाही. २०१३ मध्ये एका तरुण वकील मुलीनं इंटर्न असतानाच्या अनुभवाबद्दल सुप्रीम कोर्टाच्या एका निवृत्त न्यायमूर्तींवर आरोप केला. तीन न्यायमूर्तींच्या समितीनं तिचं ऐकलं, प्रथमदर्शनी नकोसं वर्तन घडल्याचं म्हटलं, न्यायमूर्तींनी ते नाकारलं. आणि पुढं? घटनेच्या वेळी ते निवृत्त झालेले होते, ती कोर्टाची अधिकृत इंटर्न नव्हती, म्हणून कोर्टानं पुढं काही करायचं नाही असं ठरलं. माणूस कुठल्या दिवशी कुठल्या खुर्चीवर होता यावर तक्रारीचं नशीब ठरतं. म्हणून बार कौन्सिलच्या तक्रारीबरोबरच हायकोर्टाच्या मुख्य न्यायमूर्तींना पत्र जाऊ दे, प्रत भारताच्या सरन्यायाधीशांना. नावाची शिफारस हायकोर्टाच्या कॉलेजियमकडून, म्हणजे नावं सुचवणाऱ्या ज्येष्ठ न्यायमूर्तींच्या गटाकडून, निघते आणि सुप्रीम कोर्टाच्या कॉलेजियमकडे जाते. दोन्हीकडे तुझा कागद असावा. निनावी नको. निनावी पत्रं टोपलीत जातात आणि जायलाच हवीत. सही, पत्ता, सनद क्रमांक, प्रतिज्ञापत्र, रूममेटचं प्रतिज्ञापत्र, जोडपत्रं. भाषा कोरडी ठेव. ‘नराधम’ वगैरे शब्द असतील तर काढ. दिवस, वेळ, खोली, दार कोणी लावलं, तू काय म्हणालीस, ते काय म्हणाले. हा मसुदा तू स्वतः पक्का करू नकोस, दुसऱ्या जिल्ह्यातल्या फौजदारी काम करणाऱ्या वकिलाकडून तपासून घे, जिचा किंवा ज्याचा या साहेबांशी देण्याघेण्याचा संबंध नाही.

उपयोग काय, असं विचारतेस. हिलच्या साक्षीनंतर चार दिवसांनी थॉमस ५२ विरुद्ध ४८ मतांनी न्यायाधीश झाले आणि आजही आहेत. हे तुझ्यापासून लपवून काही सांगण्यात अर्थ नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरात अमेरिकेत कायदा झाला आणि छळ झालेल्या कर्मचाऱ्याला नुकसानभरपाई मागता येऊ लागली. समान रोजगार संधी आयोगाकडे येणाऱ्या लैंगिक छळाच्या तक्रारी पुढच्या काही वर्षांत दुपटीच्या वर गेल्या. शंभर जणांच्या ज्या सिनेटमध्ये दोनच बायका होत्या, तिथं पुढच्या वर्षीच्या निवडणुकीत आणखी चार निवडून आल्या. आणि हिलनं किंमत मोजली. तिच्या राज्यातले आमदार तिला विद्यापीठातून काढा म्हणून मागं लागले, शेवटी १९९६ मध्ये ती तिथून बाहेर पडली. पुढं ती दुसऱ्या विद्यापीठात शिकवत राहिली, लिहीत राहिली, कामाला राहिली.

पण देश बदलणं हे तुझ्या तक्रारीचं काम नाही, ते ओझं घेऊ नकोस. साहेबांची नेमणूक रोखली जाईल अशी हमी मी देऊ शकत नाही. मला कमी वाटत नाही ते इतकंच: कॉलेजियममधल्या ज्या तीन माणसांच्या सहीनं ते नाव पुढं जाणार आहे, त्यांना ‘आमच्यापर्यंत काही आलं नव्हतं’ असं म्हणता येणार नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानं कोलकात्याच्या विधी विद्यापीठाच्या कुलगुरूंविरुद्धची लैंगिक छळाची तक्रार मुदतीबाहेरची म्हणून फेटाळली, पण तो निकाल त्या कुलगुरूंच्या बायोडेटात कायम नोंदवला जावा असंही सांगितलं. चौकशीशिवाय असं करावं का यावर मतभेद होतील. मला त्यातून दिसलं ते हे की उशिरा आलेल्या बाईचा कागद फेटाळतानाही न्यायालयाला तो नुसता बाजूला सारणं जमलं नाही.

हे सगळं दिल्यानंतर, पोच हातात आल्यानंतर, दोन-तीन महिन्यांत कुठूनच हाललं नाही, तर जाहीर बोलायचा विचार कर. तेव्हा पोस्ट लिहिणार असशील तर ती वेगळी होईल. अमुक तारखेला अमुक ठिकाणी तक्रार दिली, अजून उत्तर नाही, हे सांगणारी चार वाक्यंही पुरतील. ती लोकहिताची आहे हे दाखवणंही सोपं जाईल.

कामाचं बघ. तुझी किती ब्रीफ त्या साहेबांच्या गोतावळ्यातून येतात ते एकदा कागदावर मांड. निम्म्याच्या वर असतील तर तक्रार देण्यापूर्वी दुसऱ्या कोर्टात, फॅमिली कोर्टात, ग्राहक आयोगात थोडं काम बांधायला सुरुवात कर. बार रूममध्ये काही दिवस चहा एकटीनं प्यावा लागेल. काही माणसं बोलणं टाकतील, त्यात तू ज्यांना जवळची समजत होतीस तीही असतील. झोप नाही हे साधं समजू नकोस, डॉक्टरांना दाखव, समुपदेशकाकडे जा. त्याची नोंद कोणी विरोधात वापरेल म्हणून थांबू नकोस.

नवरा ‘मी आहे’ म्हणतो, ते फार मोलाचं आहे. त्याला काम दे. जोडपत्रांचे संच त्याच्याकडून करून घे, पोचपावत्या त्याच्याकडे ठेव, शिस्तपालन समितीच्या तारखेला तो बाहेर बाकावर बसलेला असू दे. आईला मात्र अजून काही पटवून देऊ नकोस. ‘मिटव’ म्हणणाऱ्या आईला बहुतेक वेळा लोक काय म्हणतील यापेक्षा आपली मुलगी कोर्टाच्या पायऱ्यांवर एकटी उभी राहील याची भीती असते. कधी कधी तिच्याकडे स्वतःचंही काही मिटवलेलं असतं. तिला घटना पुन्हा सांगत बसू नकोस. तिला विचार, तुला नक्की कशाची भीती वाटते? आणि ती जे सांगेल ते मध्ये न तोडता ऐक. ती तक्रारीच्या बाजूनं होईलच असं नाही, आणि तू तिची परवानगी मागतही नाहीयेस. पण तक्रार दिल्याचं तिला बाहेरून कळता कामा नये. ती दाखल करायच्या आदल्या दिवशी तिला तू स्वतः सांग.